परवा येईल

चेन्नईला बदली झाली तेव्हा कुणीतरी सांगितलं, की इथे तंजावरकडची जुनी मराठी बोलणारी घरं आहेत. तेव्हापासून मला जो तो मराठीच वाटू लागला.

अड्यारचा तो मेकॅनिकही. माझी सेकंडहँड छोटी गाडी वाफा सोडत त्याच्या दारात बंद पडली. त्याने लुंगी गुडघ्यावर दुमडली, बॉनेट उघडलं आणि आधी नुसता वास घेतला, फोडणी जळली का बघावं तसा. रेडिएटरचा पाइप फाटला होता. जेवणाच्या वेळी त्रास दिला म्हणून मी "सॉरी" म्हणालो. तो मान डोलावत म्हणाला, "परवायिल्लै, सार."

परवा येईल! काय गोड जुनी मराठी! मी भारावून बसने घरी गेलो. खास गाडी बघायला आलेल्या सासऱ्यांना दुसऱ्या दिवशी स्टेशनवरून रिक्षाने आणलं.

परवा गेलो, तर बॉनेटवर त्याचा शर्ट वाळत होता. पाइप त्याने त्याच दुपारी बदलला होता. तो वळून बघतो तर मी गायब! शेजारच्या चहावाल्याने हिंदीत समजावलं, की परवायिल्लै म्हणजे काही हरकत नाही. मी मराठीतला 'परवा' सांगितला, तेव्हा दोघं पोट धरून हसले.

पुढे मी गाडी ढकलत येताना दिसलो, की तो लांबूनच ओरडायचा, "सार, परवा येईल!"

त्याचं मराठी आणि माझं तमिळ त्या एका शब्दावर कितीतरी वर्षं चाललं. गाडी काही तेवढी चालली नाही.