मांजरा नदीकाठचा पाटा

बीडहून सकाळी केजच्या एसटीत बसले तेव्हा माझं एकच काम होतं, बरोबरच्या नातीला, रिबकाला, माफी मागायला लावायचं. रिबका शाळेत विज्ञान शिकवते आणि रविवारी आमच्या चर्चमधल्या मुलांचा शब्बाथ शाळेचा (बायबल शिकवायचा) वर्ग घेते. तिथं तिनं सांगितलं की पृथ्वी फार जुनी आहे आणि प्राणी बदलत बदलत आजचे झाले. पाळकसाहेबांकडे तक्रार मीच केली. येत्या रविवारी तिनं मुलांसमोर चूक कबूल करायची, नाहीतर वर्ग सोडायचा, असं चर्चच्या पंचांनी ठरवलं. ती म्हणाली, आधी माझ्याबरोबर मांजरा नदीवर चल. तिथं मेंढपाळांना हाडांचे दगड सापडतात, असं तिच्या कानावर आलं होतं.

मांजरसुंब्याला चहा घेतला. नुसती साखर. नेकनूर मागे पडलं, ज्वारी काढलेली उघडी रानं लागली. मी बोलत होते, ती खिडकीबाहेर बघत होती. उलट बोलली असती तर बरं वाटलं असतं.

केजपुढच्या फाट्यावर उतरून चालत निघालो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तो सुतळीनं बांधला. नदीत पाणी थोडं, काठाला पिवळ्या मातीचा उंच कडा. रिबकानं दोन तास उकरलं. काही निघालं नाही. मला आनंद झाला आणि तसं मी तिला सांगितलं.

जवळच गेनाबा धनगराची वाघूर (मेंढ्यांभोवतीचं जाळं) होती. त्याच्या बायकोनं, सखूबाईनं, आम्हाला जेवायला बसवलं. भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मी डोळे मिटून प्रार्थना केली, तोवर तीही दोघं थांबली. जेवण झाल्यावर सखूबाई पाटा धुवायला लागली आणि रिबकानं तिचा हात धरला.

पाटा लहानसाच. वर छिन्नीनं टाकी लावल्यासारख्या आडव्या रेघा, पण टाकी कुणी लावलेली नव्हती. उलटा केला तर खाली मुळं, दाढेला असतात तशी. हत्तीची दाढ आहे ही, दगड झालेली, रिबका म्हणाली.

सखूबाई म्हणाली, “म्हंजी तीन साल मी हत्तीच्या तोंडात मिर्ची वाटायले व्हय?”

“हत्ती हितून कावून (का) पळाले ते आता कळलं,” गेनाबा म्हणाला.

रिबकानं समजावलं, तेव्हा इथं पाणी, गवत भरपूर होतं, मग हवा पालटली. ज्यांना झेपलं ते जगले, त्यांची पिल्लं जगली, आणि असं होता होता जातच बदलते. मी म्हटलं, थापा आहेत.

“कावून, मावशे?” गेनाबा म्हणाला. “माज्या आज्याची मेंढरं बुटकी हुती. लांब पायाची तेवढीच आमी ठिवत गेलो. आता बगा की.”

मी बघितलं. सगळा कळप उंच पायांचा. मीही जन्मभर शेळ्या पाळल्या. दुष्काळात जी तग धरेल तिचाच बोकड ठेवायचा, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

“मेंढरं तू निवडलीस,” मी म्हटलं. “हत्ती कुणी निवडले?”

“पावसानं,” तो म्हणाला.

रिबका माझ्याकडे वळली. “आजी, पाऊस कसा हटला ते मी शोधू शकते. पाऊस कुणाचा, ते तू शिकवलंस. यातलं एकही मी सोडणार नाही. वर्ग गेला तरी.”

मी दाढ मांडीवर घेतली. वर्षाच्या लेकरासारखी जड. या कोरड्या पात्रात हत्ती चरत होते आणि त्यांच्याकडे बघायला एकही माणूस नसेल. देव एकटाच बघत असेल. कुणासाठी एवढं केलं असेल त्यानं? सहा दिवसांत जग घडवणारा देव मला नीट माहीत होता. हा एवढा थांबू शकतो, हे माहीत नव्हतं. परतीच्या गाडीत मी माफीचा विषय काढला नाही.

रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, तक्रार माझी होती, ती मी मागे घेते. एका पंचानं विचारलं, मग तुम्हाला माकडांचं पटलं का? मी म्हटलं, अजून नाही. पण देवाला किती वेळ लागायला हवा होता हे मी त्याला सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. वाद बराच झाला. वर्ग तिच्याकडे राहिला. पुढच्या रविवारी मीही त्या वर्गात मुलांच्या मागे सतरंजीवर बसले. ते हत्ती यायच्या आधी इथं कोण होतं, हे मला विचारायचं होतं.