निजतानाची वेणी

आमच्याकडे फुलं घेऊन येणारी माळीण टोपली खाली ठेवायच्या आधी एक काम करायची. ओसरीवर जी कोणी मुलगी बसलेली असेल तिची वेणी मागून उचलायची, दोन बोटांच्या चिमटीत धरायची आणि मानेपासून शेंड्यापर्यंत बोटं सरसर खाली न्यायची. कुठे अडली नाहीत तर "गाठ नाही" एवढंच म्हणून टोपली उतरवायची. अडली तर त्या मुलीची धडगत नसे. फुलांचं मग बघू, आधी फणी आणा.

दुसऱ्याच्या डोक्यावर स्वतःचा हक्क समजणारी अशी एखादी बाई तुमच्याही आळीत असेल. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिचं नाव काय, हे आमच्या घरात कधी कोणी विचारलं नाही, आणि आता विचारायचं तर सांगणारं कोणी उरलेलं नाही.

आमचे वडील, नाना, अमरावतीत वकिली करायचे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्यामुळे त्यांचा एक पाय सदा नागपूरला. घरात राज्य होतं त्यांच्या थोरल्या विधवा बहिणीचं, म्हणजे आत्याचं. आई तिच्यापुढे मान वर करून बोलत नसे. मावशी मात्र बोलायची. सकाळी ती देवळासमोर फुलं विकायची आणि संध्याकाळी घरोघर गजरे द्यायला निघायची. गजरा देताना तिची शिकवणी सुरू व्हायची, केस निजवायचे कसे याची.

"राती केस भांडतात एकमेकाशी," ती म्हणायची. "त्याइले समजावून निजवा लागते."

समजावणं म्हणजे काय, तर निजायच्या आधी डोक्यातली फुलं काढायची. केस मोकळे करून शेंड्याकडून वर विंचरत जायचं, वरून खाली फणी ओढायची नाही. तळहाताला लागेल एवढंच तेल. मग सैल वेणी, आणि शेवट सुताच्या दोऱ्याने न आवळता जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीने बांधायचा. वेणी उशीवरून मागे सोडायची, अंगाखाली येऊ द्यायची नाही. ओल्या केसांनी निजली तर ती मुलगी तिच्या लेखी कामातून गेली. एकदा आईने घट्ट वेणी घालून मला निजवलं, तर दुसऱ्या दिवशी मावशीने आईलाच फैलावर घेतलं. वकिलीणबाई, पोरीचे केस हायेत का बैलाचं दावं, असं तोंडावर विचारलं. आई हसून आत गेली.

तिची खरी माया होती माझ्या थोरल्या बहिणीवर, ताईवर. ताईचे केस गुडघ्यापर्यंत यायचे. अकोल्याच्या मंडळींनी तिला पाहिलं तेव्हा सासू होणाऱ्या बाईंनी अंबाडा सोडायला लावला आणि गंगावन तर लावलं नाही ना, म्हणून मुळाशी दोनदा ओढून बघितलं. खात्री झाल्यावर सुपारी फुटली. मावशीने आनंदाने आईकडून एक विरलेलं रेशमी पातळ मागून घेतलं आणि त्याची उशीची खोळ शिवून आणली. खादीची खोळ केसांना खाते, रेशमावरून केस घसरतात, म्हणाली. सासरी जाताना तीच तिची भेट.

लग्नाला अवकाश होता तोच ताईला कांजिण्या आल्या. आमच्याकडे गोवर काय, कांजिण्या काय, अंगावर उठलेलं सगळं देवीचंच. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, फोडणी बंद झाली. आणि देवी अंगात आहे तोवर रोग्याच्या केसाला तेल नाही, फणी नाही, हाताचा स्पर्शही नाही. ताप डोक्यात गेलेला, पोरगी उशीवर रात्रंदिवस डोकं घासतेय, आणि गुडघ्यापर्यंतचे केस मोकळे. मावशी रोज दाराबाहेर उभी राहून एकच विचारायची, "केस बांधले काय?" आत्या आतून सांगायची, भलतंसलतं बोलू नकोस.

देवी उतरल्या. लिंबाच्या पाण्याने ताईला न्हाऊ घातलं, दहीभाताचा नैवेद्य झाला. चेहऱ्यावर म्हणाल तर वण नाही. पण मानेमागे केसांचा एक घट्ट गोळा झाला होता, हातात मावणार नाही एवढा. आत्याने तो पाहिला आणि हात जोडले. देवीने जट दिली, म्हणाली. आता याला फणी नाही, कात्री नाही. जी सोडवील तिचं घर देवी बुडवील.

जट आलेली मुलगी देवीची. तिला कोणी सून करून घेत नाही. हे अकोल्याला कळलं की संपलं, एवढं ताईलाही कळत होतं. ती दिवसभर भिंतीला पाठ लावून बसायची, कोणाला मान दिसू नये म्हणून. नाना कोर्टात तासतासभर भांडणारे, पण बहिणीपुढे त्यांचा शब्द फुटला नाही. आत्याने सांगून टाकलं की कार्तिकातल्या कौंडण्यपूरच्या यात्रेहून आले की अकोल्याला सोयरीक मोडल्याचा निरोप धाडायचा.

आत्याची बैलगाडी निघाली त्याच दुपारी मावशी मागच्या दाराने आली. टोपलीत फुलं नव्हती. तिळाच्या तेलाची वाटी होती आणि तिची हार गुंफायची लांब सुई. आईने तिला अडवलं. हे पाप कोणाला लागेल गं, एवढंच तिने विचारलं.

"लागन तं माह्या हाताले लागन," मावशी म्हणाली. "तुमी आत जा. तुमी पाह्यलंच नाही."

आणि आई आत गेली. मी आईला दोष देत नाही असं म्हणायची पद्धत आहे. मी देते. तिने तो भार त्या बाईच्या अंगावर जाऊ दिला, कारण ती बाई फुलवाली होती.

मागच्या पडवीत मावशी ताईच्या पाठीशी बसली. तेल कोमट करून गोळ्यात मुरवायचं, सुईच्या मागच्या बोथट टोकाने एकेक केस उकलायचा, उकललेला बाजूला धरायचा. दुपारची बसली की दिवेलागणीला उठायची, आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा हजर. बोटांची सालटी निघाली तिच्या. कात्री लाव आणि सोडव मला, असं ताई रडून म्हणाली, तर म्हणे, कापलं तर कापलेलं दिसन, मंग कावून कापलं ते सांगा लागन.

त्याच बसण्यात तिने आपल्या बहिणीचं सांगितलं. मोर्शीकडे त्यांचं घर. धाकटी बहीण तापाने अंथरुणाला खिळली, केस गुंतले, आणि घरच्यांनी जट म्हणून पोरगी देवीला वाहिली. ती गावोगाव परडी घेऊन जोगवा मागत फिरली आणि कुठल्याशा धर्मशाळेच्या ओट्यावर मेली. मावशीने हे सांगताना हात थांबवला नाही. शेवटी फक्त म्हणाली, "देवी केस कायले मागन? तिले का सोताचे नाहीत?"

आत्या परत आली तेव्हा ताई अंगणात केस वाळवत बसली होती. सगळे केस, गुडघ्यापर्यंत. आत्या पांढरीफटक पडली. तिने कोणालाच काही विचारलं नाही, भटजींना बोलावून देवीची शांत करून घेतली, आणि अकोल्याचा निरोप तिच्या तोंडातच राहिला. माघात लग्न झालं. मुंडावळ्यांवरची फुलं मावशीनेच ओवली होती.

मावशीची एकुलती लेक गंगी तेल्हाऱ्याला दिली होती. पुढच्या पावसाळ्यात ती बाळंतपणाला माहेरी आली. दोन दिवस अडली, आणि गेली. मूल आधीच गेलं होतं.

बातमी आली तेव्हा आत्या माळ ओढत होती. "मी म्हटलं होतं," एवढंच बोलून तिने पुढचा मणी ओढला. तिच्याच तोंडून गावभर झालं की माळणीने देवीची जट सोडवली म्हणून देवीने लेक नेली. देवळासमोर तिच्याकडून फूल घ्यायला कोणी धजेना. आमच्याकडे दुसरा माळी येऊ लागला. ज्या घरासाठी तिने हात घातला त्याच घराने तिची टोपली बंद केली. आज एवढं वय झालं, तरी हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ताई पहिल्या मुलाला घेऊन माहेरी आली तेव्हा तिला हे समजलं. तिने कोणाला विचारलं नाही. बाळाला आईच्या मांडीवर ठेवलं, फणी आणि तेलाची बाटली घेतली, आणि मला म्हणाली, चल.

मावशी गावाबाहेर बागेतल्या झोपडीत राहत होती. दारात बसली होती. आधी मी तिला ओळखलंच नाही. केस मोकळे, आणि मागे मानेवर गोळा, धुळीने राखाडी झालेला. ती उशी घेत नव्हती, वेणी घालत नव्हती, तशीच जमिनीवर पडत होती.

ताई तिच्या पाठीशी बसली आणि बाटलीचं बूच काढलं. मावशीने मान बाजूला घेतली.

"हात नका लावू, ताईबाई."

"मावशी, तूच म्हणाली होतीस ना, देवी केस मागत नाही म्हणून?"

"म्हटलं होतं," मावशी म्हणाली. "तवा माही गंगी होती."

ताईने तरी हात पुढे केला. मावशीने तो मनगटाशी धरला. जोर नव्हता त्या हातात, पण ताई थांबली.

"तुमच्या घरी लेकरू हाये," ती म्हणाली.

मी ताईकडे पाहत होते. तिला ते खोटं म्हणायचं होतं. ओठ हलले तिचे. पण फणी हातात तशीच राहिली, आणि थोड्या वेळाने तिने ती पदरात घेतली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती मावशीच्या केसाला शिवली नाही.

आम्ही उठलो. तेवढ्यात मावशीने बसल्या जागेवरून हात लांब करून ताईची वेणी धरली, आणि दोन बोटं मानेपासून शेंड्यापर्यंत खाली नेली.

"गाठ नाही," ती म्हणाली. "जा आता. लेकरू रडत असन."