बेकारीची साक्ष

तुयेतला कारखाना बंद पडून माझी नोकरी गेली, तेव्हा बेकारी भत्त्याचा अर्ज घेऊन मी पेडण्याच्या कचेरीत रांगेत उभा होतो. माझ्यापुढे कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला, सारखा मिशीवरून बोट फिरवणारा एक गृहस्थ होता. खिडकीतल्या कारकुनाने त्याला विचारलं, "तुम्ही घरीच बसून असता, याला पुरावा काय?"

तो शांतपणे बाहेर गेला आणि बायकोला घेऊन आला.

"सायबानू," ती म्हणाली, "हे दिवसभर माज्या पाठीपाठी फिरतत. आमटीत मीठ किती घालूचा, ता माका शिकयतत. भत्तो नको, ह्यांका काम द्या!"

सगळी रांग हसली. कित्येक दिवसांनी मीही हसलो. कारकुनाने मान खाली घालून शिक्का मारला.

परत फिरताना तिने हळूच नवऱ्याला विचारलं, "मी जास्त बोललंय काय ओ?"

"ना गो," तो म्हणाला, "अर्धाच सांगलंस."