ऑर्गनची माफी मागणारे आजोबा

जपानमध्ये सेंदाईला लेकीकडे राहायला गेले होते, तेव्हा तिने मला तिथल्या तीन-चार चर्चमधले जुने ऑर्गन दाखवणाऱ्या एका सहलीला नेलं. आठ-दहा माणसं होती, आणि ज्याला हवं त्याला वाजवायला मिळायचं. गावी मी भजनात पेटी वाजवते, त्यामुळे हात शिवशिवत होते. पण परक्यांसमोर बसायचा धीर होईना.

आमच्यात एक जपानी आजोबा होते. त्यांचं नाव मला कळलं नाही. वाजवण्याआधी ते ऑर्गनला वाकून नमस्कार करायचे, दुसऱ्याच ओळीत अडखळायचे आणि पुन्हा वाकून त्याची माफी मागायचे.

शेवटच्या चर्चमध्ये एक छोटा ऑर्गन होता. लेक म्हणाली, "आई, हा तुझ्या पेटीएवढाच आहे. बस की आता!"

बसले एकदाची. उजवा हात पट्ट्यांवर ठेवला, आणि डावा हात सवयीने मागे भाता शोधू लागला. भाता नव्हताच. हवा पायांनी भरायची होती, आणि माझे पाय साडीत गप्प. सूर निघेना.

तेवढ्यात आजोबा खाली गुडघ्यांवर बसले आणि माझ्या पायाजवळच्या फळ्या दोन्ही हातांनी दाबू लागले. ऑर्गन घुमला.

"अहो, उठा! एवढे वडीलधारे तुम्ही, माझ्या पायाशी कसले बसता!" मी मराठीतच ओरडले.

ते खालूनच काही बोलले. लेक हसत म्हणाली, "म्हणतात, थांबू नका. आज पहिल्यांदाच माझ्या हातून नीट सूर निघतोय."

मग कसली लाज! एक अभंग पुरा केला, त्याला जोडून दुसरा धरला. शेवटी लेकीनेच माझा खांदा हलवला.

"आई, पुरे गं. आजोबांना धाप लागलीये."