कण्हेरीच्या रंगाचा झगा

जऊळक्याच्या स्टेशनाजवळ सोजरबाईचं बागाईत होतं. विहिरीला पाणी बारमाही, म्हणून मेथी, वांगी, मुळे असं काही ना काही वर्षभर निघायचं. बाजाराच्या दिवशी ती सकाळच्या गाडीनं टोपली घेऊन वाशीमला यायची आणि बाजारात बसण्याआधी आमच्या दारी थांबायची. भाजी द्यायची, पाणी प्यायची, आणि माझी नलू रात्री खोकली का ते विचारायची. आमची मैत्री मुख्यतः याच विषयावर होती. मी नागपूरच्या कॉलेजात शिकलेली, ती अंगठा उठवणारी. पण मूल शिंकलं की दोघीही सारख्याच धास्तावायच्या.

तिची आधीची दोन बाळं पाळण्यातच गेली होती. दोघांनाही बारशाला कोरी झबली घातली होती. म्हणून तिसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा तिच्या सासूनं, कस्तुराबाईनं, कोणाच्या नजरेत भरू नये असं नाव ठेवलं, कचरी. आणि नेम धरला: पहिला दात पडेपर्यंत पोरीच्या अंगाला कोरं कापड लागू द्यायचं नाही. घालायचं ते मागून आणलेलं, दुसऱ्या धडधाकट पोरांनी वापरलेलं.

नलू कचरीहून वर्षानं मोठी, त्यामुळे आमचे झगे जऊळक्याला जायचे. एरवी भाजीच्या भावात एक पैसा न सोडणारी सोजरबाई त्या दिवशी पायरीखाली उभी राहून पदर पसरायची. "पोरीसाठी मांगून राह्यली, बाई." एका दिवाळीला मी कचरीसाठीही नवा झगा शिवला. सोजरबाईनं त्याला हात लावला नाही. म्हणाली, "दोन दिवस नलूले घाला, मंग द्या." नलूनं तो घातला, त्यावर वरण सांडलं, तेव्हा कुठे तो टोपलीत गेला.

कचरीला यात काही वावगं वाटत नसे. कपडा म्हणजे ज्याला आधी दुसऱ्या मुलीचा वास असतो अशीच तिची समजूत. झगा नाकाला लावून ती सांगायची, "नलूचा हाय." मला तर त्याला डांबराच्या गोळ्यांशिवाय कसला वास येत नसे. रंग मात्र तिच्या मनासारखा कधीच मिळाला नाही. नलूला घामोळं फार, म्हणून मी पांढरं नाहीतर फिकं कापड घ्यायची. कचरीला हवा होता गुलाबी. कोणता गुलाबी, तर विहिरीवरच्या कण्हेरीचा. सोजरबाई दारोदार विचारून दमली. त्या रंगाचं जुनं कोणाकडे निघालं नाही.

कचरीचा दात पडला तो उन्हाळ्याच्या तोंडी. पुढच्या बाजाराला सासू, सून आणि नात, तिघी आमच्या दारात. सोजरबाईनं टोपलीतलं ओलं पोतं बाजूला केलं. मेथीच्या जुड्यांखाली कण्हेरीची फुलं होती, नुकतीच तोडल्यासारखी टवटवीत.

"हात धू गं आधी," मी कचरीला म्हणाले. "कण्हेर विषारी असते."

"खायले नाई आणले, बाई," कस्तुराबाई म्हणाली. "कापडवाल्याले रंग दाखवाले आणले. पोट्टी रोज यकच घोकून राह्यली."

सोजरबाई मात्र खाली बघत होती. "बाई, तुमीच कापड घेऊन या ना. तुमचा हात चांगला हाय."

"नेम धरला म्या, अन् भेव तुले?" कस्तुराबाई म्हणाली. "दात पडला. आता काहून भेते? चाल."

आम्ही सगळ्याच निघालो, नलूसुद्धा. रामधनशेठचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. त्यांनी पहिलं ठाण उलगडलं ते गर्द राणी रंगाचं. कचरीनं त्यावर फूल ठेवलं आणि मान हलवली. दुसरं फिकं निघालं. पुन्हा मान हलली. तिसरं, चौथं.

"काय वं पोरी, लगीन हाय का तुयं?" शेठ म्हणाले.

"नाई. दात पडला," कचरी म्हणाली आणि तोंड उघडून खिंडार दाखवलं.

शेठ हसले, चष्मा सावरत शिडीवर चढले आणि वरच्या फळीवरून एक ठाण काढून आणलं. कचरीनं फूल ठेवलं. ते फूल तिथं आहे की नाही हे मला क्षणभर कळेना. कचरीनंही मान हलवली नाही. दोन्ही हात कापडावर ठेवून ती नुसती उभी राहिली.

शेठनी गजानं मापून कापड टर्रकन फाडलं, घडी केली आणि सोजरबाईपुढे धरली. तिनं पुढे होऊन पदर पसरला. "पोरीसाठी मांगून राह्यली, शेठ."

शेठचा हात तसाच राहिला.

"अवं, इकत घेऊन राह्यली तू," कस्तुराबाई म्हणाली. "पदर आवर, पैसे काढ."

सगळ्यात आधी सोजरबाईच हसली. मग शेठ, मग दुकानातली गिऱ्हाइकं. पैसे काढताना तिच्या बोटांना कंबरेची पिशवी सापडत नव्हती.

दुकानाच्या ओट्यावरच शिंपी मशीन घेऊन बसायचा. दुपार कलेपर्यंत झगा झाला. फुगीर बाह्या, मागे बटणं. तो घेऊन आम्ही घरी आलो. संध्याकाळच्या गाडीला थोडा वेळ होता. कचरीनं झगा नाकाला लावला, उलटा केला, पुन्हा हुंगला आणि सरळ नलूकडे गेली.

"तू घाल आधी. दोन दिवस घाल, मंग मी घालतो."

नलूला काय, आनंदच. तिनं एका बाहीत हात घातलासुद्धा. मी सोजरबाईकडे पाहिलं. सकाळपासून आवळलेला तिचा चेहरा सैल पडत होता. झगा इथं ठेवायचा, पुढच्या बाजाराला मागून न्यायचा. इतकी वर्षं पोर ज्यानं राखली तेच आणखी एकदा. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. कस्तुराबाई काही बोलेल म्हणून मी थांबले, तर ती तंबाखू मळत म्हणाली, "पोट्टी तुयी हाय. तूच ठरव."

सोजरबाई उठली आणि नलूच्या हातातून बाही हळूच सोडवून घेतली. "राहू दे, माय. हे तिचं हाय."

तिनं स्वतः कचरीला झगा घातला. बटणं चुकली. पुन्हा काढून लावावी लागली. कचरीनं बाही हुंगली.

"माय, याले कोनाचाच वास नाई."

"येईल. घाल दोन दिवस, तुयाच येईल."

कस्तुराबाईनं आमच्या चुलीवरची काजळी बोटाला घेतली आणि नातीच्या कानामागे तीट लावली. नेम सुटला तरी एवढं राहायला हरकत नव्हती. स्टेशनाच्या वाटेवर कचरी दोन्ही हात अंगापासून लांब धरून चालली होती, झगा चुरगळू नये म्हणून. गाडीतही बसली नाही म्हणे, जऊळक्यापर्यंत उभी.

पुढच्या उन्हाळ्यात झगा कचरीला बराच तोकडा झाला. एका बाजाराला सोजरबाई आली ती टोपली उतरवायच्या आधीच बोलायला लागली. कामरगावची एक बाई तिच्या दारी आली होती. मांडीवरचं लेकरू अशक्त, आधीचं गेलेलं. तिनं पदर पसरून कचरीचा गुलाबी झगा मागितला होता.

"माया दारी आली, बाई," सोजरबाई म्हणाली. "म्हने, तुयी पोरगी लय तब्येतीची हाय, तिचंच दे."

"मग दिलास?"

"पोट्टी देऊ देईन तं ना. म्हने, धुतलाय, वास गेला अशीन. घुसली तशीच त्यात. बाह्या दंडाले रुतल्या, मागचं यक बटन तुटलं, तरी दोन दिवस घालून हिंडली. मंग देला."

तिनं पोतं बाजूला करून मेथीची सगळ्यात मोठी जुडी काढली आणि त्या दिवशी भाव सांगितला नाही.