तुमी कामाले कुठी आहा?

आमचे व्याही मोटारसायकलखाली होते. पुढचं चाक नालीत, मागचं चाक वर, मध्ये त्यांचा पाय; आणि तशा अवस्थेत ते शेजारी उभ्या असलेल्या हेल्मेटवाल्याला विचारत होते, "तुमी कामाले कुठी आहा, भाऊ?" पेट्रोलचा वास सुटला होता. वरचं चाक अजून हळूहळू फिरत होतं. तो हेल्मेटवाला गोंधळला. त्याला वाटलं असेल, हा म्हातारा 'वाचवा' म्हणेल, पाणी मागेल, निदान कण्हेल तरी. मी बाजूलाच उभी होते आणि माझ्या मनात एवढंच आलं, की चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही जिल्हे पिंजून काढले तरी असा माणूस दुसरा मिळायचा नाही. मरायची वेळ आली तरी हा आधी समोरच्याची नोकरी विचारणार आणि मग मरणार.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. मला माणूस दोन शब्दांत कळला म्हणजे बरं वाटतं: हा मास्तर, तो वायरमन, तो किराणावाला. यांची ओळख दोन शब्दांत कधी झालीच नाही. सोयरीक जुळवायला ते आमच्या घरी आले, तेव्हा माझ्या मालकांनी रीतीप्रमाणे विचारलं, "भाऊ, तुमचं काम काय असते?" व्याही पाणी पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "कोनत्या गाडीच्या वेळचं सांगू?" मालक माझ्याकडे बघायला लागले. मी चुलीकडे बघितलं.

मग त्यांनी सांगितलं. काळी गाडी होती तेव्हा ते मलेरियाच्या कामात होते; गावोगाव फिरून तापाच्या माणसांच्या बोटाला सुई टोचायची आणि काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा. लाल गाडी आली तेव्हा सिनेमाच्या रिळांच्या पेट्या नेण्याचं काम धरलं. एकच सिनेमा दोन गावांत चालायचा. इथला पहिला भाग संपला की पेटी गाडीला बांधून तिथे पोचवायची. एकदा वाटेत त्यांना कोणी नव्या गाडीवाला भेटला आणि बोलणं लांबलं. तिकडे पडदा पांढरा. लोक घरी जाऊन जेवून परत आले तरी मध्यंतर चालूच होतं. लाल गाडी विकली आणि ते तेंदूपत्त्याच्या फडीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, मुनशी झाले, मग घरोघरचे विजेचे मीटर वाचले, मग एका बियाण्याच्या कंपनीसाठी धानाच्या बांधाबांधाने फिरले; आता रिटायर आहो, म्हणाले. चहा दोनदा झाला. मालक आत आले आणि हळूच म्हणाले, "हा मानूस रिटायर झाला तरी कशातून?" मी म्हटलं, "रिटायर व्हायले एका जागी राहावं लागते." तरी आम्ही मुलगी दिली, कारण मुलगा शाळेत मास्तर होता आणि सायकलवर बसायलाही घाबरत होता.

पुढे माझ्या लक्षात आलं, की बाकीचे लोक कामासाठी गाडी घेतात आणि आमच्या व्याह्यांनी गाडीसाठी कामं घेतली. कुठल्या कामाला पगार किती होता, हे त्यांना विचारून उपयोग नाही. रस्ता कसा होता, ते सांगतील. 'मूल तालुक्याकडची लाईन चांगली होती', 'सिरोंच्याकडं जाचं म्हनजे निम्मा दिवस सागवानाच्या सावलीत', असा त्यांचा हिशेब. बियाण्याच्या कंपनीने एकदा त्यांना बढती दिली. चंद्रपुरात टेबल दिलं, वर पंखा दिला. आठवडाभरात राजीनामा. कारण विचारलं तर म्हणाले, "गाडी दिवसभर उनात उभी राह्यते, अन् मले ते खिडकीतून दिसते." माझी विहीण तेव्हापासून जो कोणी त्यांच्यासाठी नोकरीचा निरोप घेऊन येई त्याला आधी विचारायची, "त्यात खुर्ची आहे का? असन तर चहा पिऊन जा, त्यायले सांगू नका."

त्यांची खरी खोड मात्र दुसरी. रस्त्यात कोणी मोटारसायकलवाला दिसला की हे थांबत. पेट्रोल पंपावर, पुलावर, फाटकापाशी, कुठेही. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. दोनच प्रश्न. गाडी केव्हाची, आणि काम काय. समोरचा काम सांगे. मग हे आपली सगळी कामं सांगत, गाड्यांच्या रंगाप्रमाणे. त्यामुळे त्यांना जिल्ह्यातली अर्धी माणसं माहीत, पण नावाने एकही नाही. 'निळ्या गाडीचा कंपाउंडर', 'मोठ्या आवाजाचा तलाठी', असंच बोलायचे. विहारात वंदना संपली की सगळे खिरीकडे वळत आणि हे बाहेर उभ्या केलेल्या गाड्यांकडे. माझे मालक गेले तेव्हा सुद्धा मयतीला आलेल्यांत मोटारसायकलवाले होतेच. तिसऱ्या दिवशी हे मला भेटायला आले आणि म्हणाले, "ईनबाई, तुमचा तो पुतन्या बोअरवेलच्या मशीनवर आहे, हे मले कोनी सांगलंच नाई." मी उठून आत गेले. पुष्कळ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

चंद्रपूरच्या बाहेर मूल रोडवर एका टपरीवर दर रविवारी असे गाडीवाले जमत. त्यांत आमचे व्याही सगळ्यांत म्हातारे. एकदा मी मुलीकडे आले असताना त्यांनी मला तिथे नेलं होतं. मी बाकड्यावर बसून ऐकत होते. एक जण कोळशाच्या खाणीत डंपर चालवणारा. तो म्हणाला, हप्ताभर एवढ्या मोठ्या चाकांवर बसतो, म्हणून सुटीला दोन चाकं बरी वाटतात. दुसरा दातांचा डॉक्टर. तिसरा आधी वकिली करत होता, मग कोंबड्यांचा धंदा केला, आता काय करतो ते त्याने तिथल्या सगळ्यांना समजावून सांगितलं आणि कोणालाच कळलं नाही. व्याह्यांनी मात्र मान डोलावली आणि विचारलं, "त्यात फिरनं होते का?" मला एक गोष्ट तेव्हाही समजली नाही आणि आजही समजत नाही. ज्याला त्याला काम सोडून गाडीवर हिंडायचं होतं, आणि हिंडून आल्यावर बोलायचं ते कामाबद्दलच.

तर त्या दिवशी मुलीच्या नव्या घरात वंदना होती. मी पोंभुर्ण्याच्या फाट्यावर बसची वाट बघत बसले होते. बस आली नाही, व्याही आले. "बसा ईनबाई, गाडीले सवय आहे," म्हणाले. त्यांच्यापाशी हेल्मेट एकच. ते मला देत होते. मी म्हटलं, ते मडकं तुम्हीच घाला. धानाची कापणी सुरू होती, दोन्हीकडे भारे पडलेले. शेतं संपली, जंगल लागलं आणि एका वळणावर रानडुकरांची रांग आडवी आली. पुढे मोठी, मागे पिल्लं. व्याह्यांनी एकाही पिल्लाला धक्का लागू दिला नाही. आम्ही नालीत गेलो.

मी गवतात पडले. उठले, लुगडं झटकलं. मला काही लागलं नाही असं मला वाटलं. माझी एक चप्पल दिसेना, ती मी शोधत होते. गाडी उचलायचा प्रयत्न केला, पण ती हलेना. व्याही म्हणाले, "राहू द्या, बसा तुमी." मी बसले नाही, परत चप्पल शोधायला लागले. तेवढ्यात हे हेल्मेटवाले आले. किती होते ते मी आजही सांगू शकत नाही. आधी मला चौघे दिसले, मग पुष्कळ दिसले. अंगात जाडजूड कोट, गुडघ्यावर कोपरावर काहीबाही बांधलेलं. नागपूरहून जंगल बघायला निघाले होते. एक जण गाडीला हात घालायला आला, त्याला व्याह्यांनी थांबवलं आणि तो प्रश्न विचारला.

तो म्हणाला, "मी? बँकेत आहे काका. तुम्ही हलू नका."

"बँकेत. बरं. अन् तुमी?"

"कॉम्प्युटरचं काम करतो. काका, पाय दुखतोय का?"

"दुखून राह्यला. त्या मागच्या भाऊचं काय काम?"

मागचा म्हणाला, त्याचं मोबाईलचं दुकान आहे. मला भयंकर राग आला. मी म्हटलं, "भाऊ, लाज आहे का तुमाले? पाय तुटला अन् तुमी पाहुनपन काढून राह्यले." त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते शेवटच्या गाडीवरून उतरलेल्याकडे बघत होते. त्याने हेल्मेट काढलं तर ती बाई निघाली, तिशीतली, केस बांधलेले. त्यांनी तिलाही तेच विचारलं. ती त्यांच्या पायाजवळ बसत म्हणाली, "मी नर्स आहे. आयसीयूमध्ये."

"मंग माह्याकडं काऊन पाहून राह्यल्या, बाई?" व्याही म्हणाले. "ईनबाईकडं पाहा. ते केव्हाची चप्पल धुंडून राह्यली, अन् दोन्ही चपला तिच्या पायात आहेत. कानामागून रक्त चाललं. तिले उचलू देऊ नका कोनाले."

मी खाली बघितलं. चपला पायात होत्या. त्यानंतर मला नर्सचा हात आठवतो, मानेला धरलेला. आणि आडवं केल्यावर मला कोणीतरी विचारत होतं, "आजी, आज वार कोणता?" मला वार येत होता. सांगायला तोंड हलत नव्हतं.

बाकीचं मला नंतर कळलं, तेही प्रत्येकाकडून वेगळं. त्यांनी गाडी उचलून व्याह्यांना बाहेर काढलं. नर्सने त्यांचा पाय आवळून बांधला. पहिली जी चारचाकी आली ती लहान होती. मागच्या सीटवर एकच माणूस आडवा मावत होता. व्याही म्हणाले, ईनबाई. नर्स म्हणाली, मलाही सोबत जावं लागेल, मग तुमच्यापाशी बघणारं कोणी राहणार नाही. व्याही म्हणाले, "हे आहेत ना. बँकवाले आहेत, मोबाईलवाले आहेत." ॲम्ब्युलन्सला फोन केला होता, ती लांबून यायची होती. चंद्रपूरहून मला नागपूरला नेलं आणि डोक्यात साचलेलं रक्त काढलं. डॉक्टर मुलीला म्हणाले, उशीर झाला असता तर बाई हाती लागली नसती.

दवाखान्यात ते गाडीवाले मला बघायला आले. मी बँकवाल्याला मोबाईलचा भाव विचारला आणि मोबाईलवाल्याला कर्जाबद्दल. सगळ्यांची कामं माझ्या डोक्यात दुसऱ्याच तोंडांना चिकटली होती. फक्त नर्स बरोबर ओळखली.

केस बोटभर वाढल्यावर मी व्याह्यांकडे गेले. ते पलंगावर बसले होते. धोतर कधी नेसत नसत, आता नेसले होते. डाव्या बाजूला गुडघ्याखाली धोतर रिकामं होतं. मी सरळ विचारलं, "तुमी ओरडून काऊन नाई सांगलं, हिच्या डोक्याले लागलं म्हनून? नोकऱ्या काऊन विचारत बसले?"

ते म्हणाले, "ओरडलो असतो तर सगळेच धावले असते अन् तुमाले पोत्यासारखं उचललं असतं. जंगलातल्या रस्त्यावर जो थांबला तो आपला. त्याले काय येते, ते आधी विचारा लागते. मी जनमभर हेच तर केलं."

ऐकायला चांगलं वाटलं. पण तो बँकवाला मला सांगून गेला होता, की काकांनी त्याचं काम विचारलं आणि वर गाडी लिटरला किती धावते तेही विचारलं. आता त्यात माझ्या डोक्याचा काय संबंध? म्हणून मला अजून ठरवता येत नाही. ते माझ्यासाठी माणूस शोधत होते, का सवयीने विचारत होते आणि माणूस सापडला? मुलीला विचारलं तर ती रडते. जावयाला विचारलं तर तो म्हणतो, बाबांनाही माहीत नसेल.

मी म्हटलं, "तुमी आधी गेले असते तर पाय राह्यला असता. डॉक्टर म्हनत होते."

"म्हनत असतीन. पन डोकं तुमाले एकच होतं, ईनबाई. पाय मले दोन होते."

"आता एकच आहे."

"हाव," ते म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही. त्यांच्या रिकाम्या धोतराची घडी पलंगावरून खाली लोंबत होती, ती मी उचलून सारखी केली आणि विहिणीला चहा टाकायला सांगितलं.

रविवारी आता टपरीवरचे ते गाडीवालेच त्यांच्या अंगणात येतात. मी तिथे असले तर बाहेर खाटेवर बसून ऐकते. एकदा नवीन एक जण आला होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याने व्याह्यांना विचारलं, "काका, तुम्ही काय करता?" मला वाटलं, आता काळ्या गाडीपासून सुरू होईल. व्याही बराच वेळ त्याच्या गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सध्या काई नाई." त्या पोरालाच कसंसं झालं, आणि तो स्वतःच्या कामाबद्दल सांगत बसला.

त्या दिवशी त्या गाडीवर आम्ही दोघं होतो. दोघंही जिवंत आहोत.