जोडी पाच, हजर!

हे कुणाला सांगायचं नाही, असं मी मंडळातल्या माई आजींना कबूल केलं होतं. पण आमच्या नोएडातल्या मराठी मंडळाचे किस्से घरातल्या पिशव्यांसारखे साठतात. एक ओढला की दहा बाहेर! आणि बहुतेकांत ‘जोडी’ असतेच.

गणपतीत मांडवाबाहेर चपलांचा ढीग असतो. आमचे सेक्रेटरी सावंत काका एकदा घाईत एक काळा नि एक तपकिरी बूट घालून ऑफिसला गेले. दुपारी ग्रुपवर उरलेल्या बुटांचा फोटो आला: ‘ही जोडी कुणाची?’ काकूंनी लिहिलं, ‘अशी बेजोड जोडी आमच्या घरीपण आहे. तेवीस वर्षं चालते आहे!’

आरतीला रोज एक जोडी, हा काकांचा नियम. तिसऱ्या दिवशी माई आजी आणि त्यांची धाकटी बहीण ताट धरून उभ्या! दोघी सत्तरीच्या, दोघींचे नवरे कधीच गेलेले. काका चाचरले, ‘माई, जोडी म्हणजे... नवरा-बायको.’

‘नवरे आले नि गेले. आम्ही एकमेकींना सोडलं का? चलो, कापूर लाव!’

काकांनी मुकाट्याने कापूर लावला.

जानेवारीत मंडळ बसने पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जातं. कुणी मागे राहू नये म्हणून काकांची ‘जोडी पद्धत’: प्रत्येकाला एक जोडीदार, प्रत्येक जोडीला नंबर. काका नंबर पुकारतात, दोघांतल्या एकाने ‘हजर!’ म्हणायचं. पहिल्याच वर्षी परतताना मुरथलच्या ढाब्यावर काकांनी सगळ्या जोड्या मोजल्या, ‘चलो!’ म्हणाले आणि लोणी घ्यायला पुन्हा खाली उतरले. बस सुटली! काकू त्या वर्षी आल्या नव्हत्या. काकांना जोडीच नव्हती, ओरडणार कोण?

आता आमच्या घरची जोडी. बाबा सहा महिने गुरुग्रामला वेगळे राहत होते. मंडळात सांगितलं होतं, ‘ऑफिस जवळ पडतं.’ दिवाळीला ते आले तेव्हा आई मला म्हणाली, ‘बाबांना विचार, चहा घेणार का.’ बाबा समोरच बसले होते! तेही मलाच म्हणाले, ‘आईला सांग, अर्धा कप.’ फेब्रुवारीत दोघांना वकिलाकडे सह्या करायला जायचं होतं.

काकांना यातलं काही माहीत नव्हतं. यंदा त्यांनी बसमध्ये यादी वाचली: ‘जोडी पाच, श्री. आणि सौ. जोशी!’ आईचा चेहरा उतरला. बाबा बूट बघत राहिले. माई आजींची बहीण यंदा आली नव्हती, म्हणून त्यांच्याबरोबर मी, जोडी सहा.

परत निघताना काका नंबर पुकारू लागले. मी खिडकीतून बघितलं आणि हादरलेच. स्मारकाच्या पलीकडे, बाकावर, आई-बाबा! आई हातवारे करून काही सांगत होती, बाबा मान हलवत होते. मधे मी नव्हते, तरी बोलत होते!

‘जोडी चार?’

‘हजर!’

‘जोडी पाच?’

मी वर्गातही हजेरीला नुसता हात वर करते. पण ओरडले, ‘हजर!’

माई आजींनी माझ्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर. ‘हे आपल्या दोघींत,’ त्या कुजबुजल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, ‘जोडी सहा, हजर! चला लवकर, भूक लागली!’

मुरथलला पोचलो तेव्हा काकांना आईचा फोन आला. काका पांढरेफटक!

‘वहिनी! पाऊण तास झाला! तुम्हाला आत्ता कळतंय?’

टॅक्सी ढाब्यापाशी आली तेव्हा सगळं मंडळ पराठे टाकून उभं. आई उतरली ती सरळ माझ्याकडे. ‘सई, पाच नंबरला हजर कोण म्हणालं?’

मी मान खाली घातली. वर बघितलं तर तिच्यामागे बाबा. आईला दिसणार नाही असं त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि मग...

आले, आई, आले! बाबांना सांग, एकच मिनिट! आणि मग त्यांनी आईच्या...